दीड इंच कमी करून द्यावे

जळगाव
८ जानेवारी २०२५

जहांगीरभाई यांना राजकुंवरचा नमस्कार,

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता धनसिंग पाटलांनी दिला. ते दीपनगरच्या वीज केंद्रात होते तेव्हा पंपांचे दांडे तुमच्याकडून करून न्यायचे. लेथच्या आवाजानं तुमचे कान गेलेत, फोनवर काही उपयोग नाही, कागदावर लिहून पाठवा, असंही त्यांनीच सांगितलं. मलाही तेच सोयीचं आहे. आमच्या घरात फोन वाजला की चार जण विचारतात, कुणाचा.

सोबत गोल्फचे तीन क्लब पाठवते आहे. सात नंबर, नऊ नंबर आणि बॉल होलमध्ये ढकलायचा पटर. हे माझ्या मिस्टरांचे. निर्मलकुमारांना जाऊन दीड वर्ष झालं. धनसिंगभाऊंनी नशिराबादच्या पुढे आपल्या पडीक रानात सहा होलांचं मैदान केलं आहे, तिथे ते दर रविवारी जायचे. डाळ मिल, दुकान, लग्नकार्य, सगळं त्या रविवारच्या नंतर.

आता माझ्या एका भाच्याला हा खेळ शिकायचा आहे. मिस्टर उंच होते, भाचा तेवढा नाही. तरी तिन्ही क्लब दीड इंच कमी करून द्यावे. कापायचे ते मुठीकडून, खालून नाही, असं धनसिंगभाऊंनी बजावलं आहे. अशी कामं तुम्ही केली असतीलच.

कळावे,
राजकुंवर

*

धुळे
१४ जानेवारी २०२५

राजकुंवरबाईंना जहांगीरचा आदाब,

पार्सल मिळालं. तिन्ही काठ्या तयार करून याच गाडीनं परत पाठवतो आहे. काळजी नसावी, गोल्फचं काम आमच्याकडे नेहमीचं आहे.

मुठीवरच्या जुन्या रबरी ग्रिप चिरून काढल्या, कारण त्या कडक झाल्या होत्या. दांडी दीड इंच कापली, तोंड घासून साफ केलं. नवीन ग्रिप मुंबईहून मागवल्या. आत दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावायची, तिच्यावर पेट्रोल सोडायचं आणि ग्रिप एका दमात सरकवायची. मध्ये थांबलं तर ती तिथेच बसते. तुमची एकही थांबली नाही.

एक गोष्ट मी न विचारता केली. दांडी कापल्यावर खालचं डोकं हलकं वाटायला लागतं, वजन हातात कळत नाही. टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला शिशाच्या पट्ट्या चिकटवतात, तशी एक छोटी पट्टी प्रत्येक डोक्याच्या मागे लावली आहे. पसंत नसेल तर नखानं निघेल.

बाकीच्या काठ्या करायच्या असतील तर भाच्याची उंची कळवा. अंदाजानं कापलेलं लोखंड पुन्हा वाढत नाही.

आपला,
जहांगीर

*

जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

जहांगीरभाई,

पट्टी नखानं काढली नाही. ती लावल्यापासून सात नंबर हातात जिवंत वाटतो, असं भाचा म्हणतो.

उरलेले क्लब पाठवते आहे. लोखंडी पाच आणि सगळ्यात लांब तो ड्रायव्हर. भाचा पाच फूट सहा इंच आहे. तरीही हे सगळे दीड इंचच कमी करा, त्याला आखूड आवडतात.

प्रत्येक ग्रिपच्या टोकाला रुपयाएवढं काळं बटण दिसेल. पहिल्या तिन्हींना ते तुम्ही तसंच परत बसवलं होतं, पण ती बंद आहेत. फटका मारला की बटण मोबाइलला सांगतं, कुठल्या क्लबनं मारला आणि बॉल किती मीटर गेला. मुलानं, संयमनं, पुण्याहून पप्पांना वाढदिवसाला आणून दिलं होतं. मिस्टर रविवारी दुपारी जेवताना आकडे वाचून दाखवायचे आणि मी वाढता वाढता म्हणायची, काठीनं दगड मारायला एवढी यंत्रं कशाला? आता ती काढून टाकली तरी चालेल.

ड्रायव्हर तेवढा जपून करा. त्याच्या डोक्याच्या तळाला त्यांनी खिळ्यानं नि. कु. कोरलं आहे.

राजकुंवर

*

धुळे
१७ फेब्रुवारी २०२५

राजकुंवरबाई,

लोखंडी पाचही तयार आहेत, पाठवतो आहे. बटणं फेकली नाहीत. माझी मुलगी मिसबाह हिनं उघडून बघितली, तर आतले सेल संपले होते, बाकी चांगली आहेत. घड्याळवाल्याकडून आठ नवीन सेल आणले आणि पाचांत बसवले. तीन सुटे पुडीत आहेत, ते आधीच्या काठ्यांत घालावे. चालती वस्तू टाकायला माझा हात धजत नाही.

ड्रायव्हरला वेळ लागेल. त्याचं सामान बाहेरून यायचं आहे.

जहांगीर

*

जळगाव
१२ मार्च २०२५

जहांगीरभाई,

तुमच्या सेलांनी मला कामाला लावलं. माझा मोबाइल पडून फुटला तेव्हापासून मी मिस्टरांचाच वापरते. त्यात ते ॲप होतंच. पहिल्या रविवारी सात नंबरनं एकसष्ट मीटर. पुढच्या रविवारी चौसष्ट. आणि या रविवारी चौऱ्याहत्तर. आता कुठला आठवडा कसा गेला ते मला आकड्यावरून आठवतं. धनसिंगभाऊ म्हणतात, बाई, मीटर मोजू नका, बॉल कुठे पडतो ते बघा. पण त्यांच्या क्लबांना बटणं नाहीत, त्यांना काय कळणार.

तक्रार एकच आहे. फटका चांगला बसला तरी बॉल डावीकडे जातो. थोडा नाही, पार बाभळीत. आणि क्लबची टाच जमिनीत रुतते. हाताला झिणझिण्या येतात, त्या संध्याकाळपर्यंत राहतात, पोळी लाटताना लाटणं थरथरतं. सात नंबर आणि आठ नंबर पाठवते आहे. दोष मारण्यात आहे की लोखंडात, ते बघून सांगा.

ड्रायव्हरचं सामान आलं का?

राजकुंवर

*

धुळे
२० मार्च २०२५

राजकुंवर अक्का,

अक्का लिहिलं, राग मानू नये. खाली जे लिहिणार आहे ते बाई म्हणून लिहिता येणार नाही.

दोष लोखंडात आहे. सात नंबरचा तळ भिंगाखाली बघितला. सगळी घासण टाचेकडे आहे, पुढचं टोक कोरं आहे. म्हणजे मारताना हात खाली राहतात, काठी आडवी होते आणि टाच आधी टेकते. टाच अडकली की तोंड डावीकडे वळतं आणि बॉल बाभळीत जातो. मी दोन्ही काठ्यांची मान व्हाइसच्या जबड्यात धरून न तापवताच वाकवली, एका वेळी अर्धा अंश, असे दोन अंश. आता तळ सपाट टेकेल.

पण दीड इंच कापूनही ज्याची टाच रुतते तो माणूस पाच फूट सहा इंच नसतो. तो पाच फूट एक, फार तर दोन. आणि भाचा पोळ्या लाटत असेल असं मला वाटत नाही. अक्का, खेळता तुम्ही. मला कुणाला सांगायचं नाही. फक्त माप खरं द्या, कारण मी मापावर काम करतो.

तुमचं खोटं काढलं, तर माझंही सांगतो. गोल्फच्या काठ्यांचं काम आमच्याकडे नेहमीचं नाही. तुमच्या आधी मी एकही हातात घेतली नव्हती. खेळ कसा असतो तेही बघितलेलं नाही. पार्सल उघडलं, आकार बघितला, आणि नाही म्हणवेना.

ड्रायव्हर माझ्याकडून जळाला. डोकं सुटं करायला मी गॅसची ज्योत लावली. लोखंडी दांडी असती तर आतला डिंक वितळून डोकं निघालं असतं. ही दांडी कार्बनच्या धाग्यांची निघाली. धूर आला आणि ती उसासारखी सोलली गेली. मुळात डोकं काढायची गरजच नव्हती, कापायचं होतं मुठीकडून. मला आत काय आहे ते बघायचं होतं. डोकं शाबूत आहे, नि. कु. शाबूत आहे. गेला महिनाभर मी सामान यायचं आहे असं भासवत राहिलो. सामान कुठूनही येणार नव्हतं.

तुमचा गुन्हेगार,
जहांगीर

*

जळगाव
२७ मार्च २०२५

जहांगीरभाई,

पाच फूट एक. मनगटापासून जमिनीपर्यंत तीस इंच, विधीच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. विधी म्हणजे माझी सून, टेप ती पुण्याला जाताना विसरून गेली.

तुमचं पत्र वाचून मी ड्रायव्हरसाठी रडले, हे खोटं सांगणार नाही. नंतर उसासारखी सोलली गेली हे पुन्हा वाचलं आणि हसू आलं. मिस्टरांनीही एकदा मिक्सर आत काय आहे ते बघायला उघडला होता.

आता माझं ऐका. चाळीस वर्षं ते मला चल म्हणायचे आणि चाळीस वर्षं मी त्या खेळाची टिंगल केली. ते गेल्यावर धनसिंगभाऊंचा निरोप आला, की बॅग विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत पडली आहे, घेऊन जा. मी स्कूटरवर गेले. बॅग उचलायच्या आधी सहज एक बॉल मारला. लागला नाही. दुसरा लागला नाही. सहावा लागला, आणि मला घरी जावंसं वाटेना.

घरी सांगितलं नाही. वर दीर-जाऊ राहतात, ते काही अडवतील असं नाही. पण मिस्टर जिवंत असताना मला हे आवडलं नाही आणि आता आवडतं, हे कुठल्या तोंडानं सांगू? भाच्याचं सोपं वाटलं. बॅग दोनदा घरी आणली आणि संयमला दिसू नये म्हणून परत धनसिंगभाऊंच्या खोलीत नेऊन ठेवली.

ड्रायव्हरला लोखंडी दांडी चालेल का?

राजकुंवर

*

धुळे
२ मे २०२५

राजकुंवर अक्का,

हे पत्र जळगावच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतो आहे. तो ओळखीचा आहे, तुमच्याच हातात देईल.

आज सकाळी तुमचा मुलगा दुकानात आला होता. आखाजीच्या सणाला घरी आला असताना त्यानं पप्पांचं कपाट उघडलं, बॅग नेहमीच्या जागी दिसली नाही. कपाटाखाली माझ्या पत्त्याची पार्सलची पावती सापडली. तुम्हाला काळजी नको म्हणून तुम्हाला न विचारता तो थेट इकडे आला. त्याआधीपासून त्याला संशय होता. अक्का, ती बटणं जे आकडे मोबाइलला सांगतात, ते दर रविवारी संयमच्या मेलवरही जातात, पप्पांच्या नावानं, कारण खातं त्यानंच उघडून दिलं होतं. निर्मलकुमार आज इतके फटके खेळले, सगळ्यात लांब फटका इतका. दहा रविवार झाले असं तो म्हणाला. त्यानं धनसिंगभाऊंना फोन केला तर ते कपाशीच्या बियाण्यावर बोलत राहिले.

ड्रायव्हर माझ्या बाकावर होता. भंगार बाजारातून एका जुन्या क्लबची लोखंडी दांडी मिळाली होती, ती घासत होतो. त्यानं तळावरची अक्षरं बघितली आणि कागदावर लिहिलं, हा माझ्या वडिलांचा आहे, तुमच्याकडे कसा? मी म्हणालो, दुरुस्तीला आला आहे. कुणी दिला? मी म्हणालो, ज्यांनी दिला त्यांनीच ते सांगावं, मी सांगणार नाही. तो मोठ्यानं बोलायला लागला. मला सगळं ऐकू आलं नाही, पण गल्लीतली माणसं जमली, त्यावरून समजलं. उद्या संध्याकाळपर्यंत खरं सांगा, नाहीतर पोलिसांत जातो, असं तो लिहून गेला आहे.

तीस वर्षांत माझ्या दुकानात असं कुणी बोट दाखवलं नव्हतं. मिसबाह रागावली आहे, सांगून टाका म्हणते. पण गोष्ट तुमची आहे. एक मात्र कळवतो. मुलगा चोर शोधायला आला होता, तरी ड्रायव्हर हातात घेतल्यावर त्यानं तो जमिनीला टेकवला नाही. दोन्ही हातांवर आडवा धरून उभा होता. अशा माणसाला खरं सांगायला भिऊ नये.

जहांगीर

*

जळगाव
५ मे २०२५

जहांगीरभाई,

तुमचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. शनिवारी पहाटे साडेपाचला संयमला उठवलं, स्कूटरवर मागे बसवलं आणि नशिराबादच्या पुढे नेलं. त्याला वाटलं कुठे दर्शनाला चाललोय.

धनसिंगभाऊ झेंडे रोवत होते. आम्हाला बघून म्हणाले, "आते बठ्ठं ठीक शे," आणि सगळं ठीक झाल्यासारखे पलीकडे निघून गेले. मी सात नंबर काढला आणि एक बॉल मारला. सरळ गेला. तुम्ही वाकवल्यापासून तो सरळच जातो. दुसरा मारला. मागे वळून बघितलं तर संयम मोटरीच्या ओट्यावर बसला होता.

तो म्हणाला, "म्हणजे मागच्या रविवारचे त्र्याण्णव मीटर तू मारलेस?"

मी म्हटलं, तीन नंबरनं. वाराही होता मागून.

मग त्यानं सांगितलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यामुळेच ते मला कळलं. पहिला मेल आला तेव्हा तो बिल्डिंगच्या जिन्यात बसून राहिला. कुणीतरी चोरून खेळतंय हे त्याला लगेच कळलं. त्याच दिवशी तो शोध लावू शकला असता. लावला नाही. दर रविवारी तो अकरा वाजेपर्यंत मेलची वाट बघायचा. पप्पा नाहीत हे माहीत होतं, तरी त्यांच्या नावापुढे नवा आकडा यायचा. चोर सापडला असता तर आकडे बंद झाले असते. विधीलाही त्यानं सांगितलं नव्हतं. कपाट रिकामं दिसलं तेव्हा मात्र त्याला स्वतःचाच राग आला, आणि तो तुमच्यावर निघाला.

जहांगीरभाई, माझ्या खोट्यानं माझ्या लेकराला दहा आठवडे असं बसवून ठेवलं, आणि तुमच्या दारात गल्ली गोळा केली. दोन्हीची मी माफी मागते. तो आज पुण्याला जाताना वाट वाकडी करून धुळ्याला येतो आहे. दुकानात नाही, आधी गल्लीत उभा राहून बोलेन म्हणाला. जाऊबाईंना मी स्वतः सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, साडीवर जमतं का? म्हटलं, नाही, पंजाबी ड्रेस घालते.

राजकुंवर

*

धुळे
१८ नोव्हेंबर २०२५

राजकुंवर अक्का,

परवाच्या रविवारी तुमचा सामना बघून आलो. तिथे गर्दीत लिहायला कागद नव्हता, म्हणून आता लिहितो.

मला वाटलं होतं गवताचा गालिचा असेल. तिथे मुरूम आणि बाभळी, आणि झेंड्याभोवती तेल घातलेली काळी वाळू, तिच्यावरून बॉल खसखशीवरून गेल्यासारखा घरंगळतो. सात खेळाडूंत तुम्ही एकट्या बाई. दुसऱ्या होलला तुम्ही नुसती हवा मारलीत आणि स्वतःच आधी हसलात. चौथ्याला बॉल दगडाला लागून परत तुमच्याच पायाशी आला. शेवटी सातांत पाचव्या आलात, म्हणून संयम हळहळत होता. मला ते काही कळत नव्हतं. मी लोखंड बघत होतो.

सहाव्या होलला पुढे नाला आहे. संयमनं बॅगेतून ड्रायव्हर काढून दिला. भंगारातली दांडी, मी घासलेली, मी चिकटवलेली. आधीच्यापेक्षा जड झाली आहे, तुमचे काही मीटर खाते, हे मला माहीत आहे. तुम्ही ती उचललीत. डोकं उडून गेलं तर? डोकं जागेवर राहिलं. बॉल खालून, सरळ, नाला ओलांडून गेला आणि पलीकडे धुरळा उडाला.

अक्का, आम्ही लेथवाले. दांडा करून देतो, तो पंपात जातो, पंप विहिरीत जातो. कुठे फिरतो, कुणाच्या रानात पाणी काढतो, ते बघायला कुणी बोलावत नाही. तीस वर्षांत मी केलेली वस्तू चालताना मी पहिल्यांदा बघितली. येताना गाडीत मिसबाह विचारत होती, डोळ्यांत काही गेलं का. मी म्हणालो, मुरूम.

आठ नंबरची ग्रिप सैल वाटली. पाठवून द्या.

जहांगीर

*

जळगाव
१ डिसेंबर २०२५

जहांगीरभाई,

आठ नंबर पाठवते आहे. सोबत धनसिंगभाऊंचे चार क्लब आहेत. त्यांनाही आता बटणं बसवून हवी आहेत, आणि माझ्यासारखी शिशाची पट्टी. वरणगावचे दोघे खेळायला येतात, तेही तुमचा पत्ता घेऊन गेले. तेव्हा गोल्फचं काम आमच्याकडे नेहमीचं आहे, असं तुम्ही आता बिनधास्त लिहा.

सामन्यानंतर संयमनं विचारलं, ॲपवरचं नाव बदलायचं का. मी दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, बदल. त्यांचे आकडे त्यांच्या नावावर राहू देत, माझे माझ्या नावावर. ते दोनशे मीटर मारायचे, माझ्यामुळे त्यांची सरासरी उगाच खाली यायची. संयमनं नवं खातं उघडून दिलं आणि पुण्याला गेला.

काल त्या खात्यावर मी खेळलेला पहिला रविवार. माझ्या नावाचा मेल त्याला अकराला गेला असेल. पाच मिनिटांनी फोन वाजला. एरवी आम्ही काय बोलतो, मिलचं काय, बीपीची गोळी घेतली का, ठेवू? काल त्यानं विचारलं, कशी खेळलीस?

मी म्हटलं, आलंय ना सगळं तुझ्याकडे, फटके, मीटर, सगळं.

तो म्हणाला, "ते वाचलं. तू सांग."

मग मी पहिल्या होलापासून सांगायला लागले. तिसऱ्यापर्यंत आले तेव्हा भाजी करपल्याचा वास आला. जाऊबाई खाली येऊन गॅस बंद करून गेल्या. मी बोलतच होते.

तुमची,
राजकुंवर अक्का